स्फुरद म्हणजे फॉस्फरसच ना?

चौकस
'झिरो बावन्न चौतीस' या विद्राव्य खताच्या पुडीवर लिहिलंय: नत्र 0, स्फुरद 52, पालाश 34 टक्के. भाचीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम. स्फुरद हा फॉस्फरसचाच मराठी शब्द धरायचा का? गच्चीवर मातीविना टोमॅटो लावलेत, द्रावणाच्या हिशेबात अडलोय.

शब्दवेल्हाळ
हो, फॉस्फरसच. शब्द मोठा सुरेख आहे. 'स्फुर्' म्हणजे थरथरणे, लखलखणे. कविता स्फुरते, बाहू स्फुरण पावतात, ते याच धातूतून. 1669 मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँट नावाच्या किमयागाराने सोन्याच्या नादात पिंपंच्या पिंपं मूत्र आटवलं. सोनं राहिलं बाजूला, अंधारात आपसूक उजळणारा पदार्थ हाती आला. त्याला मिळालेल्या ग्रीक नावाचा अर्थ 'प्रकाश आणणारा'; पहाटेच्या शुक्रालाही ग्रीक लोक तेच म्हणत.

पालाशची गंमत वेगळी. कानाला पोटॅश, डोळ्यांना पळस! पोटॅश मुळात लाकडाच्या राखेचं पाणी भांड्यात आटवून काढत, आणि आयुर्वेदात पळसाच्या राखेचा क्षार आहेच.

बांधावरचा
कागदावर स्फुरद, तोंडी नाही. माती परीक्षणाच्या पत्रिकेत 'उपलब्ध स्फुरद' असतं, शिफारस येते ती 'नत्र, स्फुरद, पालाश किलो प्रति हेक्टर' अशी. पण दुकानात जाऊन कोणी स्फुरद मागत नाही. डीएपी द्या, पोटॅश द्या, झिरो बावन्न द्या.

खडू-फळा
'हो, फॉस्फरसच' या उत्तराला माझी हरकत आहे. वर्गात चालेल, पुडीवर नाही.

पुडीवरचा 'स्फुरद 52 टक्के' म्हणजे 52 टक्के फॉस्फरस नव्हे. तो आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मोजलेला असतो. त्यात फॉस्फरस जेमतेम 44 टक्के, बाकीचा ऑक्सिजन. पालाशही तसाच, पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात. त्यात पोटॅशियम 83 टक्के. नत्र तेवढा सरळ: युरियाच्या गोणीवर 46 म्हणजे 46 टक्के नायट्रोजनच.

शब्दवेल्हाळ
म्हणजे पुडीत तो पेंटॉक्साइड असतो?

खडू-फळा
तोही नसतो! झिरो बावन्न चौतीस म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट, दुसरं काही नाही. एकोणिसाव्या शतकातले रसायनज्ञ झाडाची राख करून तपासत आणि मूलद्रव्यांचं प्रमाण ऑक्साइडच्या रूपात मांडत. ती रीत गेली, हिशेब राहिला. आणे चलनातून गेले तरी 'सोळा आणे खरं' म्हणतोच की आपण.

म्हणून माझ्या मते या शब्दाला आज दोन अर्थ आहेत. पाठ्यपुस्तकी मराठीत स्फुरद म्हणजे मूलद्रव्य, खताच्या मराठीत स्फुरद म्हणजे मोजण्याची एक रीत. शब्दकोशात दोन्ही यायला हवेत.

बांधावरचा
आम्हाला काय फरक पडतो? शिफारसही त्याच मापात, गोणीही त्याच मापात. 50 किलोच्या 10:26:26 मध्ये 13 किलो स्फुरद, विषय संपला.

खडू-फळा
खरं आहे, दोन्हीकडे एकच माप असेल तर काही बिघडत नाही. घोळ होतो तो एक आकडा मूलद्रव्याचा आणि दुसरा पुडीवरचा घेतला की. फॉस्फरसला 2.29 ने गुणलं की पुडीवरचा स्फुरद येतो, पोटॅशियमला 1.2 ने गुणलं की पालाश. (चौकस, तुमची पाककृती कुठली?)

चौकस
इंग्रजीतली. लिटरमागे 31 मिलिग्रॅम फॉस्फरस. टाकी 100 लिटरची, म्हणजे 3.1 ग्रॅम. पुडीवर स्फुरद 52 टक्के, म्हणून मी 6 ग्रॅम पूड टाकत होतो.

खडू-फळा
त्या पुडीत खरा फॉस्फरस 22.7 टक्के. 13.7 ग्रॅम हवी होती. पालाशही त्याच पुडीतून जातो, तेव्हा तोही हिशेब पुन्हा मांडा.

बांधावरचा
पानं खालून जांभळट झालीत का?

चौकस
झालीत. मी थंडीला दोष देत होतो.