मदत हवी आहे: डुप्लेक्स म्हणजे नक्की काय? (तातडीचं)

चोपडेकरीण:
डुप्लेक्स म्हणजे नक्की काय ते कुणी सरळ सांगेल का? समोरचा विचारतोय ग्रे की व्हाइट, आणि तीनशे की साडेतीनशे. उद्या सकाळी दहाच्या आत फोन करायचाय, नाहीतर तो दुसऱ्याचं काम मशीनवर चढवेल. गूगल केलं तर नुसती घरं दिसतात. लवकर सांगा.

प्लॉटवाला_पिंप्राळा:
ताई, तीनशे चौरस फुटांत डुप्लेक्स बसतच नाही. कोणी गळ्यात मारत असेल तर सावध. डुप्लेक्स म्हणजे एकाच कुटुंबाचं दोन मजली घर, जिना आतून. जिना बाहेरून असेल तर खाली मालक, वर भाडेकरू, बस. ब्रोशरवरचा शब्द सोडा, रेराच्या नोंदणीत कार्पेट एरिया किती लिहिलाय ते बघा. उघडी गच्ची आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत.

अमळनेर_टू_अमेरिका:
इकडे डुप्लेक्स म्हणजे एका इमारतीत दोन वेगळी बिऱ्हाडं. एकात मालक राहतो, दुसऱ्याच्या भाड्यातून हप्ता जातो. तुम्ही सांगताय ते चूक आहे.

प्लॉटवाला_पिंप्राळा:
अमेरिकेतलं अमेरिकेत ठेवा. जळगावात मधली भिंत सामाईक असली की ट्विन बंगलो म्हणतात. वीस वर्षं हाच धंदा करतोय.

साक्रीना_भाऊ:
ताई, पहिले हाई सांग, घर लेवानं शे का दुसरं काही?

झेरॉक्स_देवपूर:
घर कुठून आणलं? मशीन म्हटलंय ना त्यांनी! डुप्लेक्स म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छापणं. सेटिंगमध्ये लाँग एज ठेवा, म्हणजे पान पुस्तकासारखं उलटतं. शॉर्ट एज निवडलं तर मागचं पान डोकं खाली पाय वर येतं आणि गिऱ्हाईक आपल्याच अंगावर येतं. ग्रे म्हणजे ग्रेस्केल असेल. तीनशे म्हणजे डीपीआय, एका इंचातले छपाईचे ठिपके.

चोपडेकरीण:
घर नाही, झेरॉक्सपण नाही. छापायचं आहे पण कागदावर नाही.

भुसावळचा_तारवाला:
आम्ही रेल्वेच्या तारखात्यातले. डुप्लेक्स हा शब्द आमच्याकडे घरांच्या आधीपासून. एकाच तारेवरून एकाच वेळी दोन्हीकडून संदेश जायचे, त्याला डुप्लेक्स. बोस्टनच्या स्टर्न्सने १८७२ मध्ये ते नीट चालवून दाखवलं. मग १८७४ मध्ये एडिसनने क्वाड्रुप्लेक्स काढलं, एका तारेवर चार संदेश! गार्ड-ड्रायव्हरचा वॉकीटॉकी हाफ डुप्लेक्स. एकाने बटण सोडून ‘ओव्हर’ म्हटल्याशिवाय दुसऱ्याला बोलता येत नाही. फोन फुल डुप्लेक्स, म्हणून नवरा-बायको त्यावर एकाच वेळी भांडू शकतात. २०१३ च्या जुलैत सरकारने तारसेवा बंद केली, त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या चौघांनी एकमेकांना तारा केल्या होत्या.

झेरॉक्स_देवपूर:
काका, तारेवर ग्रे कुठे असतं?

भुसावळचा_तारवाला:
विषय डुप्लेक्सचा आहे, ग्रेचा नाही.

शब्दवेडा_नंदुरबार:
मूळ कोणीच सांगत नाहीये. लॅटिनमध्ये ‘दुओ’ म्हणजे दोन, आपल्या ‘द्वि’चंच चुलत भावंड. ‘प्लेक्स’ घडी घालण्यावरून. डुप्लेक्स म्हणजे दोन घड्यांचं, दुपदरी. एकपदरी ते सिम्प्लेक्स, बहुपदरी ते मल्टिप्लेक्स, जिथे तुम्ही पॉपकॉर्नवर पैसे उडवता. डुप्लिकेट त्याच घरातला, आणि दुटप्पीपणाला इंग्रजीत डुप्लिसिटी म्हणतात तीही. भिंतीवर लावता ती पदविका, डिप्लोमा, ग्रीकमध्ये घडी घातलेला कागद. तिथेही ‘दुहेरी’च दडलंय. म्हणून घर, तार, छपाई सगळ्यांचं बरोबर आहे. जिथे दोन पदर, तिथे डुप्लेक्स.

चोपडेकरीण:
दादा, छान आहे, पण उद्या फोनवर काय सांगू? घडी घातलेला कागद?

खोकेवाला_एमआयडीसी:
ग्रे-व्हाइट, ३००-३५०, मशीन. ताई, खोकं छापताय ना?

चोपडेकरीण:
हो, खोकंच. आमच्या बचत गटाचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि नागलीचे पापड आहेत.

साक्रीना_भाऊ:
आते समजनं!

खोकेवाला_एमआयडीसी:
मग ऐका. डुप्लेक्स म्हणजे पुठ्ठा. वर पांढरा गुळगुळीत थर, त्यावर छपाई होते. खाली वेगळ्या लगद्याचे थर. मागची बाजू करडी ठेवली की ग्रे बॅक, पांढरी केली की व्हाइट बॅक. ३०० हा जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर पुठ्ठ्याचं वजन ३०० ग्रॅम. आता सांगा: खोक्यात माल किती, आत पिशवी आहे का, आणि जाणार कुठे?

चोपडेकरीण:
पाव किलो. पुण्याला पार्सलने जातील. पिशवी कशाला, खोकं आहे की.

खोकेवाला_एमआयडीसी:
पिशवी हवीच. ग्रे बॅक बहुतेक रद्दीच्या लगद्याचा असतो. जुन्या छापील कागदातली शाई, खनिज तेल त्यात उतरतं. बिबडे थेट त्यावर टेकवू नका.

चाळीसगावची_मावशी:
एवढा बाऊ कशाला? आम्ही वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, कुणाला काही झालं नाही.

खोकेवाला_एमआयडीसी:
मावशी, विकायच्या मालाला वर्तमानपत्र चालत नाही. सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत स्पष्ट मनाई आहे. घरात काय करायचं ते करा.

चाळीसगावची_मावशी:
बरं. पण बिबडे पुण्याला पोचेपर्यंत भुगा होतो, पुठ्ठा कसलाही घ्या. ज्वारीचा घाटा पातळ थापला की गच्चीवरून काढतानाच कडा मोडतात. जरा जाड थापा.

चोपडेकरीण:
जाड थापले की भाजताना मध्ये कच्चे राहतात, मावशी. पातळच करणार आम्ही.

खोकेवाला_एमआयडीसी:
भुगा डुप्लेक्सने थांबणार नाही, त्याचं काम दिसायला चांगलं असणं आणि आकार धरणं. मी सांगतो ते लिहून घ्या: ३५० ग्रे बॅक, आत सीलबंद पिशवी, आणि डझनभर खोकी मिळून एक नळीदार पुठ्ठ्याचं मोठं खोकं पार्सलला. पाव किलोला ३०० पुरतं, पण बिबड्याचं खोकं रुंद लागतं, पातळ पुठ्ठा मधून दबतो. व्हाइट बॅकला दर जास्त, आतली बाजू गिऱ्हाईक बघत नाही.

झेरॉक्स_देवपूर:
घडीच्या जागी क्रीज, म्हणजे दाबून खाचेची रेघ, मारायला सांगा. नुसतं वाकवलं की पांढरा थर तडकतो आणि नेमकं गटाचं नाव असतं तिथे करडी रेघ दिसते. लग्नाच्या पत्रिकेत हे रोज बघतो.

खोकेवाला_एमआयडीसी:
हे मात्र बरोबर बोललात. आणि ताई, छपाईआधी मजकूर तपासा: १४ आकडी एफएसएसएआय नंबर, हिरवा ठिपका, निव्वळ वजन, एमआरपी. तारखेची जागा कोरी ठेवा, ती शिक्क्याने मारा, नाहीतर उरलेली खोकी पुढच्या उन्हाळ्यात रद्दीत.

चोपडेकरीण:
हिरवा ठिपका राहिलाच होता, टाकायला सांगते. ३५० ग्रे बॅक, क्रीजसह. आधी कोरं नमुना खोकं मागते आणि त्यात बिबडे भरून बघते.

भुसावळचा_तारवाला:
बिबड्यात लसूण असतो का? आमच्या सूनबाईंना चालत नाही.

चोपडेकरीण:
काका, लसूण-मिरचीचे वेगळे आणि नुसते जिरं-तिळाचे वेगळे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.