मदत हवी आहे: स्क्वीझ्ड लाइटमध्ये थोडा प्रकाश हरवला की सगळा फायदा काहून जातो?

नमस्कार मंडळी,

नागपुरात एम.एस्सी. फिजिक्सला आहे. सेमिनारला विषय घेतलाय क्वांटम प्रकाश वापरून मोजमाप अचूक करण्याचा. त्यातला स्क्वीझ्ड लाइट म्हणजे ज्याचा एका बाजूचा क्वांटम चढउतार दाबून कमी केलाय (दुसऱ्या बाजूचा वाढतो) असा प्रकाश. हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया (गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगोसारखी वेधशाळा) होणार म्हणून हौसेनं घेतला, आता निस्तरतोय.

कळलं ते एवढं: N फोटॉन मोजले तर त्यात √N चा चढउतार असतोच. आमच्या लॅबमधल्या १ मिलीवॉटच्या हीलियम-निऑन लेझरमधून सेकंदाला सुमारे ३×१०¹⁵ फोटॉन निघतात, म्हणजे १० कोटीत जेमतेम २ भागांची चूक. आमच्या मायकेल्सन इंटरफेरोमीटरला (प्रकाशाचे दोन किरण एकत्र आणून पट्ट्यांवरून, म्हणजे फ्रिंजेसवरून, अंतर मोजणारं उपकरण) त्याचं सोयरसुतक नाही म्हणा, शेजारच्या खोलीतला कूलर लावला तरी फ्रिंजेस नाचतात. पण लायगोला ती चूक नडते, आणि पॉवर वाढवावी तर आरसे तापतात, प्रकाशाच्या दाबानं हलतातही. म्हणून केव्हज या भौतिकशास्त्रज्ञानं १९८१ मध्ये सुचवलं की इंटरफेरोमीटरच्या रिकाम्या तोंडातून व्हॅक्यूमचा नॉईज (प्रकाश नसतानाही असणारा क्वांटम चढउतार) आत येतो, तिथून स्क्वीझ्ड व्हॅक्यूम सोडा. जर्मनीतल्या जीईओ ६०० या गुरुत्वीय लहरींच्या डिटेक्टरनं ते २०१० मध्ये बसवलं, लायगोनं २०१९ च्या रनमध्ये वापरलं.

घोडं पेंड खातंय ते पुढे. १० डेसिबल स्क्वीझिंग, म्हणजे नॉईजचा व्हेरियन्स (चढउताराच्या वर्गाची सरासरी) साध्या व्हॅक्यूमच्या एक दशांश, असताना निम्मा प्रकाश वाटेत हरवला तर म्हणे २.६ डेसिबलच उरतं. नॉईज निम्मा झाला तर सिग्नलही निम्माच ना? सर म्हणतात गणित कर. केलं, उत्तरही येतं, पण डोक्यात शिरत नाही.

प्रतिसाद:
लॉस म्हणजे बीमस्प्लिटर (प्रकाश दोन वाटांत विभागणारा आरसा) धर ना भाऊ. एका तोंडातून निम्मा प्रकाश बाहेर जातो, तेव्हा दुसऱ्या तोंडातून साधं व्हॅक्यूम आत घुसतं. तुझा व्हेरियन्स ०.१, त्याचं निम्मं ०.०५. व्हॅक्यूमचा १, त्याचं निम्मं ०.५. बेरीज ०.५५, हेच ते २.६ डेसिबल. निम्मा लॉस असेल तर स्क्वीझिंग कितीही वाढव, ३ च्या वर जात नाही. चित्रच हवं असेल तर असं बघ: स्क्वीझ्ड व्हॅक्यूममध्ये फोटॉन जोडीजोडीनं असतात. लॉस त्यातला कुठलाही एक उचलतो आणि जोडी फोडतो.

धागाकर्ता:
जोडीचं एकदम पटलं, दादा! मग डिटेक्टरनं फक्त १० टक्के घालवले तर ०.०९ अधिक ०.१, म्हणजे ०.१९. १० चे ७.२ उरले. बरोबर?

प्रतिसाद:
बरोबर. आता त्यात आरसे, लेन्स आणि अलाइनमेंटचा लॉसही धर, आणि मग सेमिनारला उभा राहा.