पंचगंगेचं मॉडेल मोठ्या पुरात पातळी कमी का दाखवतं?

भोगावतीकाठ
कोल्हापूरच्या पुरासाठी पावसावरून आवक काढायला एचईसी-एचएमएस आणि नदीपात्रासाठी एचईसी-रास ही सॉफ्टवेअरं जोडलीत. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीपर्यंत आकडे जुळतात. ४३ ची धोका पातळी ओलांडली की मॉडेल पाणी कमी दाखवतं आणि पूर लवकर उतरवतं. मॉडेलची खालची सीमा कृष्णेच्या संगमावर नृसिंहवाडीला, तिथं नॉर्मल डेप्थ (नुसत्या उतारावरून काढलेली पातळी). यावरून राधानगरी धरणाचा विसर्ग ठरवता येईल का?

बरगा
दोष सीमेचा आहे. नॉर्मल डेप्थ दिली म्हणजे पुढं पाणी मोकळं जातंय असं तुम्ही धरलंत. कृष्णा फुगली की संगमावर पंचगंगा तुंबते, आणि शिरोळकडं उतार इतका कमी की फुगवटा लांबवर मागं येतो. मग बंधाऱ्यावर पातळी तीच, पण चढत्या पुरात विसर्ग जास्त, तुंबलेल्या पाण्यात बराच कमी. पातळी-विसर्गाचा एकच वक्र तिथं चालणारच नाही.

कृष्णा मॉडेलमध्ये घ्या. वर सांगलीच्या आयर्विन पुलाचा विसर्ग, खाली राजापूर बंधाऱ्याच्या पुढं तासागणिक पातळी. अनस्टेडी फ्लोच (वेळेनुसार बदलता प्रवाह) लावा, पूर पुढं सरकवायच्या मस्किंगम या सोप्या पद्धतीला फुगवटा कळत नाही. पूर्वानुमान करताना ती खालची पातळी हातात नसते, म्हणून कमी, मध्यम, जास्त अशा तीन पातळ्या धरून चालवा.

शिरोळकाठ
बरगा यांच्याशी सहमत. सोबत गेजच्या (पातळी मोजायच्या पट्टीच्या) शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची तपासा, फूट-मीटरचा घोळ बहुतेक तिथंच होतो. उपग्रहाच्या ३० मीटर उंची-नकाशावर काठाची जमीन ठरवू नका; त्यातली चूक मीटरांत असते, आपला निर्णय फुटांत. शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव हातानं घाला. ऑगस्टात काठाला उभा ऊस असतो, तेव्हा मॅनिंगचा एन (प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा) पात्रात ०.०३५ असला तरी शेतात ०.०८ पासून सुरुवात करा.

बरगा
राधानगरीचं राहिलं. ७ स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या पातळीनं आपोआप उघडतात. प्रत्येकी १,४२८, मिळून ९,९९६ क्युसेक, म्हणजे दिवसाला सुमारे ०.८६ टीएमसी. ते मॉडेलमध्ये पातळीच्या नियमानं घाला, निर्णय म्हणून नको. खरा निर्णय धरण भरण्याआधीचा: वीजगृहातून आधीच किती सोडून जागा करायची. शिवाय धरणांच्या खाली पडणारा पाऊस कुणाच्याच हातात नाही, त्याचा वाटा वेगळा दाखवा, नाहीतर सगळा पूर धरणाच्या नावावर जातो.

भोगावतीकाठ
समजलं. एन वाढवून २०१९ च्या पुराचा माथा (सर्वांत वरची पातळी) जुळवला होता, तो काढून टाकतो.

बरगा
काढाच. सीमा दुरुस्त केल्यावर २०१९ वर बसवा आणि २०२१ वर तपासा. माथ्यापेक्षा उतरती बाजू बघा, फुगवटा तिथंच उघडा पडतो.