मेंदूज्वराचा संशय असताना मणक्यातील पाणी काढू द्यावे का?

प्रश्न (कुडाळ तालुका): माझ्या ९ वर्षांच्या पुतण्याला चार दिवसांपूर्वी ताप भरला, परवा तो असंबद्ध बोलू लागला आणि काल आकडी आल्यावर आम्ही त्याला गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयात हलवले. मलेरिया निघालेला नाही. डॉक्टरांना जपानी मेंदूज्वराचा संशय आहे. त्यांना मणक्यातील पाणी तपासायचे आहे, परंतु त्याने पाय लुळे पडतात असे वाडीत कुणीतरी सांगितल्याने वहिनी सही करायला तयार नाहीत. रक्ताच्या तपासणीवर भागणार नाही का? आणि या आजारावर औषधच नसेल, तर निदानासाठी मुलाला एवढा त्रास का द्यावा?

प्रतिसाद (निवृत्त वैद्यकीय अधिकारी, चिपळूण): वहिनींना कृपया आजच समजवा. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली, कमरेत सुई घातली जाते. नंतर डोके किंवा पाठ दुखू शकते, पण पाय लुळे पडणे अत्यंत विरळ. मेंदूवरचा दाब वाढलेला असेल किंवा प्लेटलेट फार कमी असतील, तर डॉक्टर स्वतःच थांबतात. या आजाराची आयजीएम प्रतिपिंडे (संसर्गानंतर शरीर सुरुवातीला तयार करते ती) मणक्यातील पाण्यात, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, साधारण चौथ्या दिवसापासून सापडू लागतात, रक्तात मात्र आठवडाही लागू शकतो, शिवाय तिथे डेंगीच्या प्रतिपिंडांशी गल्लत होते. पहिला नमुना नकारार्थी आला तरी काही दिवसांनी पुन्हा तपासावा लागतो.

प्रतिसाद (बालरोगतज्ज्ञ, रत्नागिरी): जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवर औषध नाही, हे खरे. पण अगदी अशीच लक्षणे हर्पिस विषाणूच्या मेंदूज्वरात, जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूच्या आवरणदाहात आणि स्क्रब टायफस या बारीक किड्यांच्या चाव्याने होणाऱ्या तापातही दिसतात, आणि त्या तिन्हींवर औषध आहे. म्हणूनच अहवालाची वाट न पाहता शिरेतून अ‍ॅसायक्लोव्हिर (हर्पिसवरचे औषध) आणि प्रतिजैविके सुरू करतात, आणि पुढे त्यांतले काय चालू ठेवायचे हे ठरवायला त्या पाण्याचा मोठा आधार होतो. दरम्यान आकडी आवरणे, श्वासमार्ग मोकळा राखणे, उशाकडची बाजू सुमारे ३० अंश उचलणे, गरज पडल्यास मेंदूची सूज उतरवणारे मॅनिटॉल देणे आणि रक्तातील साखर व सोडियम सांभाळणे, हेच उपचार असतात आणि जीव त्यांवरच तगतो. या आजाराच्या गंभीर रुग्णांपैकी २० ते ३० टक्के दगावतात आणि वाचलेल्यांपैकी ३० ते ५० टक्के जणांत काही दोष मागे राहतो, त्यामुळे मूल सावरू लागताच व्यायामोपचार सुरू करण्याचा आग्रह धरा.

प्रतिसाद (आरोग्यसेविका, सावंतवाडी): घरातल्या इतर मुलांना त्याच्यापासून दूर ठेवू नका, हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. विषाणू डुकरे आणि बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत वाढतो आणि भाताच्या कुणग्यांतील साचलेल्या पाण्यात पैदास होणारे क्युलेक्स डास तो पसरवतात. हे डास तिन्हीसांजेपासून रात्रभर चावतात, तेव्हा मुलांना मच्छरदाणीतच झोपवा.