उचलीचा करार राजीखुशीचा की जबरदस्तीचा?

बालाघाटकर
ऊसतोड मजूर हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, जी आगाऊ रक्कम घेतो ती उचल. तिच्यावरच्या परवाच्या एका पोस्टीचा गोषवारा असा: "उचल घेताना कुणी मानेवर कोयता ठेवला नव्हता. करार म्हणजे दोघांची मर्जी. पैसे घेऊन टोळीतून पळणारा सरळ चोर, आणि त्याला गाडीत घालून परत आणणारा मुकादम हक्काचंच वसूल करतो." खाली शिकल्यासवरल्या लोकांनी 'बरोबर' म्हणून ठोकलंय, म्हणून जरा लांब लिहितो.

सही करताना मर्जी होती, एवढ्यावर करार कायदा थांबत नाही. १८७२ च्या कायद्यात कलम १४ ला संमती 'मुक्त' लागते आणि कलम १५ जबरदस्ती म्हणजे काय ते सांगतं: दंड संहितेत गुन्हा असलेलं कृत्य करणं किंवा त्याची धमकी देणं, नाहीतर कुणाची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणं किंवा तशी धमकी देणं. गरिबी यात बसत नाही, हे मला माहीत आहे. बायको आजारी आहे म्हणून जूनमध्ये लाखाची उचल घेतली, तर कलम १५ खाली ती जबरदस्ती ठरत नाही. पण पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, काय होतं ते बघा. हिशेबात बाकी निघते. मग बैलजोडी किंवा मोटारसायकल ठेवून घेतात, किंवा "लेकरू इथंच राहू दे, पैसे आण आणि घेऊन जा" म्हणतात. त्या अवस्थेत पुढच्या हंगामाच्या बाँडवर अंगठा घेतात. तो बाँड कलम १५ मध्ये तंतोतंत बसतो आणि कलम १९ प्रमाणे मजुराला रद्द करता येतो. वर 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' छापलेलं असलं तरी.

दुसरं, करार अगदी चोख असला तरी मोडणाऱ्याकडून मिळते ती भरपाई, कलम ७३ आणि ७४ प्रमाणे. राबायला लावणारा हुकूम दिवाणी कोर्टही देत नाही. जे कोर्टाला करता येत नाही ते मुकादमाला कुठून करता येईल?

मांजराकाठ
बालाघाटकर, कलमं पाठ आहेत तुमची, पण पैसा कुठून कसा येतो ते तुम्ही लिहीतच नाही. कारखाना वाहतूकदाराला ॲडव्हान्स देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम कोयत्याला (तोडणीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला). वाहतूकदार मुकादमाकडून नोटरी केलेला बाँड आणि कोरे चेक घेतो. कोयत्याला लाख धरले तर दहा कोयत्यांच्या टोळीचे दहा लाख मुकादमाच्या डोक्यावर. तीन कोयते डिसेंबरात निघून गेले तर तीन लाख तर बुडालेच, शिवाय खेप भरत नाही, ट्रॅक्टर फडावर (तोडणी चालू असलेल्या उसात) उभा राहतो आणि त्याचा हप्ता चालूच राहतो. वाहतूकदार चेक टाकतो आणि मुकादमाची तीन एकर जाते. एकच जोडी दोन मुकादमांची उचल घेते आणि तिसऱ्याच्या गाडीत बसते, हे बीड जिल्ह्यात कुणाला नवीन आहे?

भरपाई मागा म्हणता. कुठून? दिवाणी दावा किती वर्षं चालतो? हुकूमनामा झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० आहे: शेतकऱ्याचं राहतं घर, अवजारं, बैल, बियाणं जप्त होत नाही. म्हणजे हक्क फक्त कागदावर. असं असेल तर उद्या कुणी उचलच देणार नाही. बँक ऊसतोड मजुराला लग्नाला, दवाखान्याला लाख रुपये देते का? मुकादम देतो, तारण न घेता. त्या विश्वासाला तुम्ही जबरदस्ती म्हणता.

कोर्टरोड
दोघांनीही एक कायदा विसरू नये. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६. अंमल २५ ऑक्टोबर १९७५ पासून. उचल घेतली म्हणून कुणी आपोआप वेठबिगार होत नाही. उचलीच्या बदल्यात खालीलपैकी एक तरी गोष्ट गेलेली असावी लागते: किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर किंवा फुकट राबणं, दुसरीकडं काम करण्याची मोकळीक जाणं, हिंडण्याफिरण्याची मोकळीक जाणं, किंवा स्वतःचा माल बाजारभावानं विकायचा हक्क जाणं. एक सिद्ध झाली की कलम ६ प्रमाणे ते कर्जच संपतं. त्याच्या वसुलीचा दावा चालत नाही. कलम ९ प्रमाणे तसं संपलेलं कर्ज वसूल केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. आणि कलम १५ ला पुराव्याचा भार उलटा आहे: हे वेठबिगारीचं कर्ज नाही, असं पैसे देणाऱ्यानं सिद्ध करायचं.

मुकादम पोलिसांत 'फसवणूक' म्हणून तक्रार देतात त्याबद्दलही सांगतो. पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दिसावं लागतं. कामावर येऊन नंतर निघून गेला तर तो करारभंग, गुन्हा नाही. एकाच आठवड्यात दोन मुकादमांची उचल घेतली असेल तर मात्र इरादा दाखवता येतो. मांजराकाठ, तुमच्या दोन उचलींच्या उदाहरणाला कायदा उपलब्ध आहे. माणूस उचलून आणणं हा त्यावरचा उपाय नव्हे, तो स्वतंत्र गुन्हा आहे.

जालनेकर
कोर्टरोड, करार कायद्याचं कलम ६४ सोयीनं गाळलंत. करार रद्द करणाऱ्याला घेतलेला लाभ परत द्यावा लागतो. जबरदस्ती म्हणा, दबाव म्हणा, लाखाची उचल खिशात गेलीच ना? ती परत करून मग खुशाल जा. फुकट सुटका हा न्याय कुठला? माझं म्हणणं सरळ आहे: दोन शहाण्या माणसांनी ठरवलं ते सरकारनं पाळायला लावावं, मध्ये तोंड घालू नये. आज उचलीचा करार मोडू दिला तर उद्या कापसाच्या सौद्याचं काय आणि जमिनीच्या इसाराचं काय?

बालाघाटकर
लाभ परत द्यायचा तर आधी हिशेब मांडू.

जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली; टनाला साधारण ३६६ रुपये धरू. कोयता म्हणजे नवरा-बायको. दोघं मिळून दिवसाला दोन टन, म्हणजे ७३२ रुपये. माणशी ३६६, आणि काम पहाटे चारपासून गाडी भरेपर्यंत. लाखाची उचल फिटायला २७३ टन तोडावे लागतात, म्हणजे १३७ दिवस, तेही एक खाडा न होता आणि पोटाला काही न घेता. पट्टा शंभर दिवसांत पडला, त्यातले दहा दिवस पाऊस, आजारपण, गाडी न येणं यात गेले, तर १८० टन होतात. त्याचे ६५,८८० रुपये. चौदा आठवडे दर आठवड्याला हजार रुपये खर्ची (पोटापाण्याला दिलेले पैसे) वजा केली की उचलीत जमा होतात ५१,८८०. पाच खाड्यांचे पाचशेप्रमाणे २,५०० वजा केले की बाकी निघते ५०,६२०. पुढच्या जूनमध्ये बाँड पुन्हा लाखाचाच होतो, पण हातात येतात पन्नास हजारांच्याही आत.

तर जालनेकर, 'घेतलेला लाभ' नेमका किती? बाँडवरचा लाख की हातात पडलेली रक्कम? त्यातला खाड्याचा दंड कुठल्या कलमाखाली? कलम ७४ मध्ये वाजवी भरपाई मिळते, मनाला येईल तेवढा दंड नाही. आणि माणशी मजुरी त्या वर्षीच्या किमान वेतनाखाली येत असेल, तर सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, सांगून ठेवलंय: किमान वेतनापेक्षा कमी देऊन घेतलेलं काम घटनेच्या अनुच्छेद २३ खाली सक्तीचं श्रम आहे, आणि सक्ती पैशाच्या नडीचीही असू शकते.

तेरणाकाठ
उचलीत निदान टोळी तरी सोबत असती. नावे खरेदीचं कोण बोलणार? जालनेकरांनी जमिनीचं नाव काढलंच आहे तर ऐकून घ्या.

सावकार गहाणखत करून घेतच नाही. दुय्यम निबंधकाकडं चक्क खरेदीखत होतं. "पैसे दिले की जमीन परत" हे एकतर तोंडी, नाहीतर वेगळ्या बाँडवर, नोंदणी नसलेलं. दोन कागद कशाला? कारण मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५८(क) म्हणतं, परत द्यायची अट त्याच दस्तात असेल तरच ते गहाण. अट वेगळ्या कागदावर नेली की झाली खरेदी. फेरफार होतो, सातबारावर सावकाराचं नाव लागतं, पण नांगर शेतकऱ्याचाच चालतो. व्याज महिन्याला शेकडा तीन ते पाच. रस्ता आला, भाव चढला की सावकार तिसऱ्यालाच विकून मोकळा. याला काय म्हणायचं? राजीखुशीचा सौदा? दस्तावर तर तसंच लिहिलेलं असतं!

जालनेकर
आणि उलटं होत नाही का? खरोखर विकलेली जमीन. पूर्ण पैसे चेकनं दिले. दहा वर्षांनी समृद्धी महामार्गामुळं आसपासचे भाव चढले की मूळ मालक सहकार खात्यात अर्ज टाकतो: ही सावकारी होती. घेणारा अडकला चौकशीत. नोंदणीकृत दस्ताला काही किंमत आहे की नाही? संमती मागाहून परत घेता येत असेल तर कुणी कुणाशी व्यवहार करायचाच नाही.

तेरणाकाठ
अर्ज टाकला की जमीन मिळती, असं तुम्हाला वाटतंय, तर तुम्ही एकही चौकशी नीट बघितलेली नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४, कलम १८. मागच्या पंधरा वर्षांतलेच व्यवहार. जिल्हा उपनिबंधक पुढच्या गोष्टी तपासतो: दस्तातली किंमत रेडीरेकनरच्या किती खाली आहे, पैसे कसे दिले, खरेदीनंतर पीकपेरा कुणाच्या नावानं, ताबा कुणाचा, त्याच खरेदीदारानं गावात अशा आणखी किती खरेद्या केल्या आणि किती परत फिरवल्या. पूर्ण रक्कम चेकनं, भाव बाजाराचा आणि ताबा खरेदीदाराकडं असला तर अर्ज टिकत नाही. टिकतो तो ज्याचं खरेदीखत चार लाखांचं, जमीन वीस लाखांची, आणि पेरणी अजून जुन्या मालकाचीच, त्याचा.

कोर्टरोड
तेरणाकाठ यांना एक जोड. दिवाणी कोर्टात समोरचा वकील पुरावा कायद्याचं जुनं कलम ९२ दाखवतो: लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा नको. त्यावर गंगाबाई विरुद्ध छबूबाई हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे (१९८२). दस्तातली अट बदलायला तोंडी पुरावा चालत नाही. पण हा दस्त खरेदी म्हणून अमलात आणायचाच नव्हता, मूळ व्यवहार कर्जाचा होता, हे दाखवायला चालतो. लोक इथंच चुकतात. दाव्यात "अट अशी होती" एवढंच लिहितात आणि कलम ९२ मध्ये अडकतात. "हा दस्त नामधारी आहे" असं पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवं.

जालनेकर
म्हणजे प्रत्येक खरेदीदारानं आधी आपण सावकार नाही हे सिद्ध करायचं! तुम्हा लोकांना पैसेवाला दिसला की चोर दिसतो. असल्या कायद्यांमुळंच मराठवाड्यात कुणी पैसा लावत नाही.

तेरणाकाठ
जालनेकर, तोंड सांभाळून. चोर कुणी म्हटलं नाही. शेकडा पाचनं वर्षाला साठ टक्के होतात, परवाना नाही, पावती नाही. त्या व्यवहाराला तुम्ही 'पैसा लावणं' म्हणता तेव्हा कुणाची बाजू घेताय ते आम्हाला कळतं. विनापरवाना सावकारीला कलम ३९ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तीसुद्धा तुमच्या मते सरकारची लुडबुड असणार.

मांजराकाठ
जमिनीचं भांडण वेगळा धागा काढून करा, विषय उचलीचा आहे.

बालाघाटकरांच्या हिशेबात दोन गोष्टी राहिल्या. वाढ्यांचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) पैसे धरले नाहीत, आणि चांगली जोडी उभ्या उसात अडीच टनांवर जाते. तरीही बाकी निघते, हे मी नाकारत नाही. पट्टा पाच महिने चालायचा तेव्हा लाख फिटायचे. आता हार्वेस्टर आला आणि कारखान्यांचं गाळप वाढलं, दिवस कमी झाले, पण उचलीचा आकडा तोच राहिला. हे मुकादमाच्या हातात नाही.

लेकरू ठेवून घेणारा, बाईला कोंडणारा मुकादम गुन्हेगार आहे, त्याला आत टाका, माझी आडकाठी नाही. पण कलम ६ लावून सगळी बाकी एका फटक्यात पुसली तर वाहतूकदाराचं देणं मुकादमाच्या डोक्यावर तसंच राहतं. त्याच्या कोऱ्या चेकला कुणी वेठबिगारी म्हणत नाही.

कोर्टरोड
तो प्रश्न खरा आहे. बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार, २०१९: सही केलेला कोरा चेक स्वखुशीनं दिला असेल तर रक्कम दुसऱ्यानं भरली तरी देणं असल्याचं गृहीतक लागू होतं. मुकादमानं वाहतूकदाराला चेक देताना सोबत साध्या कागदावर चेकचे नंबर, तारीख आणि 'अमुक हंगामाच्या इतक्या रकमेसाठी तारण' असं लिहून वाहतूकदाराची सही घेतली, तर ते गृहीतक खोडायला आधार मिळतो. बहुतेक मुकादम हे करत नाहीत. १०० चा बाँड आता ५०० चा झाला तरी मजकूर तोच जुना, कॉपी मारलेला.

बालाघाटकर
मांजराकाठ, मुकादम दोन्हीकडून दाबला जातो हे मान्य करतो. पण वरून आलेला दाब खाली मजुराच्या अंगावर उतरवायचा परवाना त्याला मिळत नाही. सहकार्य खरं असेल तर सोडून जाणारा माणूस पैसे देणं लागतो, पण मोकळा असतो. १८५९ मध्ये इंग्रजांनी कायदा केला होता, उचल घेऊन काम सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत तुरुंग. तो १९२५ मध्ये रद्द झाला. निजाम सरकारलाही १९४३ मध्ये भगेला करारांना (कर्जापोटी राबवून घेण्याच्या करारांना) आवर घालणारा कायदा करावा लागला. जे सरकारांनी सोडून दिलं ते आपण फडावर चालू ठेवलंय.

मांजराकाठ
इतिहास राहू द्या. करायचं काय ते बोला. मी वहीची नक्कल द्यायला तयार आहे. पण वजन वाहतूकदाराच्या पावतीवर येतं, ते मजुराला दिसत नाही आणि पुष्कळदा मलाही दिसत नाही. ऊसवाल्या शेतकऱ्याला बऱ्याच कारखान्यांतून काट्यावरूनच वजनाचा मेसेज जातो. तोच मेसेज कोयत्याच्या नंबरला का जात नाही?

बालाघाटकर
मग बाँडमध्ये ते घाला: हातात दिलेली रक्कम आणि मागची बाकी दोन वेगळ्या ओळींत, प्रत्येक खेपेचं वजन कोयत्याच्या मोबाईलवर, खाड्याचा दंड नाही, आणि कोयता मधेच सोडून गेला तर उरलेली रक्कम हप्त्यानं, व्याजाशिवाय. बायकोचा अंगठा वेगळा आणि तिची मजुरी तिच्या खात्यात. हे कबूल असेल तर सांगा.

मांजराकाठ
शेवटचं सोडून बाकी कबूल. खातं नवऱ्याच्याच नावावर असतं, अर्ध्याअधिक बायांचं चालू खातं नाही.

बालाघाटकर
उचल जूनमध्ये देता, टोळी दसरा-दिवाळीनंतर निघते. मधल्या महिन्यांत खातं निघतं.

मांजराकाठ
बघू. वाहतूकदाराला विचारतो.