उत्तर: टीम्स-झूममुळे फरक मिटला?

वर कुणीतरी लिहिलंय की टीम्स, झूम आल्यापासून देशादेशातला फरक मिटला, सगळे एकाच स्क्रीनवर. मला नाही पटत. उलट जपानी क्लायंटसोबत कॉलवरच फरक जास्त टोचतो, कारण समोरासमोर निदान चेहरा तरी दिसतो, इथे कॅमेरे बंद, आपण प्रस्ताव मांडतो आणि पलीकडे दहा सेकंद सामसूम, मग आपला पुणेकर मॅनेजर घाबरून स्वतःच किंमत कमी करायला लागतो :) अहो ते नुसतं विचार करत असतात!

आणि त्यांच्याकडे निर्णय बऱ्याचदा मीटिंगमध्ये होतच नाही, आधी एकेकाला गाठून चर्चा झालेली असते, मीटिंग म्हणजे शिक्का. म्हणून डॉक्युमेंट चार दिवस आधी पाठवा, ज्याला शंका असेल त्याच्याशी वेगळं बोला, भर कॉलवर सगळ्यांदेखत चूक दाखवू नका. २९ एप्रिल ते ५ मे तिकडे सुट्ट्यांची रांग असते, तेव्हा रिमाइंडर पाठवत बसू नका.

जर्मनवाल्यांचं बरं, जे खटकलं ते तोंडावर सांगतात. फक्त ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ तासभर मागे जातं, साडेतीनचा फरक साडेचार होतो आणि सोमवारी आपली अर्धी टीम रिकाम्या कॉलवर बसलेली असते.