सर्च, सीक, हंट, लुक फॉर... सगळ्यांना मराठीत 'शोधणे'च म्हणायचं का?

केतकी_म
नमस्कार मंडळी, एका इंग्रजी तपासकथेचा अनुवाद करायला घेतलाय. त्यात सर्च हा शब्द पानोपानी येतो आणि सोबत सीक, लुक फॉर, हंट, रमेज, स्कावर, क्वेस्ट ही त्याची सगळी भावंडं पण येतात. आता प्रत्येक ठिकाणी शोधलं, शोधत होता, शोध घेतला असं लिहिलं तर मजकूर अगदी सपाट होतो. डिक्शनरीत बघावं तर सर्चपुढे सीक आणि सीकपुढे सर्च, म्हणजे फिरून तिथेच. त्यात एका पानावर 'दे सर्च्ड हिम' आहे आणि पुढच्याच पानावर 'दे सर्च्ड फॉर हिम', दोन्हीत फरक आहे हे जाणवतं पण तो नेमका कुठून येतो आणि मराठीत कसा आणायचा? कुणी नीट समजावून सांगेल का, नुसती समानार्थी शब्दांची यादी नकोय.

अक्षरवेल्हाळ
केतकीताई, प्रश्न फार चांगला विचारलात, कारण इथे फॉर या एवढ्याशा शब्दावर सगळं अवलंबून आहे.

सर्चच्या पुढे थेट जे येतं ती हरवलेली वस्तू नसते, ती तपासायची जागा असते. सर्च द हाउस, सर्च द बॅग, सर्च द ड्रॉवर. जे हवंय ते फॉरनंतर येतं. म्हणून 'दे सर्च्ड हिम' मध्ये तो माणूस समोर उभा आहे, त्याचे खिसे, बाह्या, बूट सगळं तपासलं जातंय, तोच तपासायची जागा झालाय. मराठीत त्याला झडती म्हणतात. त्याची झडती घेतली, किंवा अंगझडती. आणि 'दे सर्च्ड फॉर हिम' मध्ये तो माणूस समोर नाहीच, तो पळालाय किंवा हरवलाय आणि बाकीचे त्याच्या मागावर आहेत, म्हणजे त्याचा शोध घेतला. म्हणूनच 'आय सर्च्ड माय कीज' असं कुणी म्हटलं तर ते इंग्रजीत विचित्र वाटतं, जणू किल्ल्या हातातच आहेत आणि त्यांच्यातच काहीतरी दडलंय. मराठी माणसाकडून हे वाक्य हमखास येतं कारण आपण किल्ली शोधली आणि घर शोधलं दोन्हीकडे एकच क्रियापद वापरतो, आणि घर शोधलं म्हणजे राहायला घर बघितलं की घर धुंडाळलं हे आपल्याला संदर्भावरून कळतं.

हे असं का, त्याचं उत्तर शब्दाच्या मुळात आहे. सर्च हा जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्यामागे लॅटिन सिर्कारे, म्हणजे भोवती फिरणे. सर्कल आणि सर्कस त्याच गोतावळ्यातले. म्हणजे आधी जागेभोवती फिरणं आलं, काय हवंय ते नंतर. आजच्या फ्रेंचमधलं शेर्शे हे शोधणे या अर्थाचं क्रियापद पण तिथलंच, आणि आपण रोज म्हणतो तो रिसर्च पण.

म्हणून मी तरी अनुवाद करताना आधी एवढंच बघतो की वाक्यात जोर कशावर आहे. जागेवर असेल तर झडती घेणे, धुंडाळणे, पालथं घालणे, पिंजून काढणे. वस्तूवर किंवा माणसावर असेल तर शोध घेणे, माग काढणे, हुडकणे.

निशिगंध
वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. सीकबद्दल थोडं सांगते. सीक हा इंग्रजीचा अस्सल जुना शब्द, जर्मन झूखन त्याचा सख्खा चुलतभाऊ, पण आता तो बोलण्यातून जवळजवळ उठलाय आणि कागदपत्रांत, बातम्यांत राहिलाय. चष्मा हरवला तर कुणी सीक म्हणत नाही, लुक फॉर म्हणतात. सीकच्या पुढे येतं ते सल्ला, मदत, परवानगी, आश्रय, न्याय असं काहीतरी. आणि मजा म्हणजे तिथे मराठीत शोधणे चालतच नाही, आपण सल्ला मागतो, परवानगी मागतो, न्याय मागतो. त्यामुळे सीक दिसला की आधी मागणे लावून बघा, बहुतेक वेळा चपखल बसतं. 'सीक टू' असेल तर मात्र प्रयत्न करणे किंवा बघणे, 'ही सॉट टू एस्केप' म्हणजे तो निसटायला बघत होता. आणि हाइड अँड सीकला आपला लपंडाव आहेच.

क्वेस्ट वेगळा, त्यात दूरचा प्रवास आणि मोठं ध्येय असतं. तो लॅटिन क्वेरेरेवरून आलेला, म्हणजे शोधणे आणि विचारणे दोन्ही, म्हणून क्वेश्चन आणि क्वेरी त्याच घरातले. तुमच्या कथेत असेल तर ध्यास हा शब्द वापरून बघा, शोधयात्रा जरा पुस्तकी होतं.

जुनी_वही
कसं शोधलं यावरून पण शब्द बदलतात आणि तपासकथेत तर तेच महत्त्वाचं, कारण वाचकाला पोलिस कसा वागला ते तेवढ्या एका क्रियापदातून कळतं.

रमेज म्हणजे उचकपाचक करणे, एकावर एक पडलेल्या वस्तू हलवत, खालचं वर आणि वरचं खाली करत. तो शब्द जहाजावरचा आहे, आधी अर्थ होता जहाजाच्या पोटात माल रचून ठेवणे, मग तो माल हलवून तपासणे असा झाला. रॅन्सॅक मात्र त्याच्यापुढचा, घर अस्ताव्यस्त करून टाकणे, त्यात लूटमारीचा वास आहे. हा शब्द जुन्या नॉर्समधून आला, रान म्हणजे घर आणि पुढचा भाग सीकच्याच नात्यातला, चोरीचा माल आहे का म्हणून घराची झडती घेणे असा मूळ अर्थ. म्हणजे सुरुवातीला तो चोराला पकडणाऱ्याचा शब्द होता आणि आज बहुतेकदा चोराबद्दल वापरतात, मला हे फार विलक्षण वाटतं.

फ्रिस्क म्हणजे कपड्यांवरून हात फिरवून केलेली वरवरची अंगझडती. स्कावर आणि कोम दोन्हींना पिंजून काढणे चालतं. ग्रोप म्हणजे अंधारात चाचपडणे, पण हा शब्द नको तिथे हात लावण्यासाठी पण वापरतात, तेव्हा संदर्भ बघूनच लिहा. ब्राउझमध्ये तर नेमकं काही शोधायचंच नसतं, सहज चाळणे. मूळ अर्थ जनावरांनी झाडाचे कोवळे कोंब खुडत फिरणे.

लूप_आणि_लॉजिक
मी प्रोग्रामिंगवाला, माझ्या बाजूने एक मुद्दा. आमच्याकडे सर्च आणि फाइंड यांतला फरक रोज समोर येतो, सर्च ही क्रिया आहे आणि फाइंड हे तिचं फळ. शोधलं आणि सापडलं नाही हे पण सर्चचं पूर्ण, बरोबर उत्तर असतं. क्रमाने लावलेली १० लाख नावं असतील तर दरवेळी मधलं नाव बघून निम्मी बाजूला टाकायची, याला बायनरी सर्च म्हणतात, आणि जास्तीत जास्त २० वेळा बघितलं की नाव आहे की नाही हे ठामपणे सांगता येतं. त्यामुळे मूळ वाक्यात नुसतं सर्च असेल तर मराठीत शोधून काढलं असं लिहू नका, त्यात सापडलं हे गृहीत धरलं जातं आणि तपासकथेत ते फार महागात पडेल. गूगलचं क्रियापद तर २००६ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात पण गेलं, पण तुमची कथा जुनी असेल तर तो प्रश्न नाही.

निशिगंध
हा मुद्दा खरंच महत्त्वाचा आहे. आणि मराठीत तर शोध हा एकच शब्द पुढच्या क्रियापदाने पालटतो. शोध घेतला म्हणजे खटपट केली, शोध लागला म्हणजे सापडलं, शोध लावला म्हणजे आधी कुणाला माहीत नव्हतं ते पुढे आणलं. इंग्रजीला इथे तीन वेगळे शब्द लागतात. शिवाय संस्कृतमध्ये शोधन म्हणजे शुद्ध करणे, गाळ काढून टाकणे, संशोधन शब्दात ती छटा अजून आहे. आणि गवेषणा म्हणजे मुळात गाईंचा शोध, आता तो फक्त अभ्यासाच्या पुस्तकांत उरलाय.

केतकी_म
सगळ्यांचे मनापासून आभार, अंगझडती आणि शोध या दोन शब्दांनीच ती दोन पानं उभी राहिली. आता फक्त दोन जागा राहिल्यात. इन्स्पेक्टर 'सर्चिंग लुक' देतो, आणि नोकर एका प्रश्नावर 'सर्च मी' म्हणतो. तिथे तर कुणी कुणाची झडती घेत नाहीये.

अक्षरवेल्हाळ
सर्चिंग लुक म्हणजे समोरच्याच्या मनात काय आहे ते काढून घेणारी नजर. 'त्याने तिला निरखून बघितलं' हे थोडं मवाळ होईल, इन्स्पेक्टर आहे म्हणून 'नजरेनेच तिचा ठाव घेतला' मला जास्त आवडेल. आणि सर्च मी म्हणजे हवी तर माझी झडती घ्या, उत्तर माझ्याकडे नाहीच. नोकर बेफिकीर असेल तर 'मला काय माहीत!', आणि घाबरून स्वतःला वाचवत असेल तर 'मला काही ठाऊक नाही हो साहेब'. अर्थात सर्च मी हे मुळात बेफिकिरीचंच बोलणं आहे, त्यामुळे पहिलंच ठेवा, फक्त त्याच्या आधीचं वाक्य एकदा इथे टाका म्हणजे नोकराचा सूर बघता येईल.